समोर बसून शिकलेले मांडे

आईचा उजवा हात मोडल्याचं नानांनी मला फोनवर सांगितलं. झुंबर फुईला यातलं काही कळता कामा नये, हेही त्याच दमात सांगितलं.

"का?" मी विचारलं.

"तुझ्या आईचा हुकूम. मी नुसता निरोप्या."

मी जळगावला एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. डाळी, मसाले, तेलं यांचे नमुने येतात, त्यांतला ओलावा आणि भेसळ तपासायची. आखाजी तोंडावर आली होती, म्हणून रजा टाकून गावी आले. आमचं गाव पारोळ्याजवळ आहे. घरी पोचले तेव्हा आई पडवीत बसून हरभऱ्याची डाळ निवडत होती. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवलेला आणि डावा हात सुपात सराईतपणे चाललेला. न्हाणीत पाय घसरला होता आणि पडताना तिने मनगट टेकलं होतं.

"दुखतं का?"

"दुखायचं काय, खाजतं. आत लाटणं घालून खाजवावंसं वाटतं."

"आणि फुईपासून लपवायचं कशाला?"

आईने सूप बाजूला ठेवलं. "सांगितलं तर ती येणार नाही. आणि यंदा नाही आली, तर पुन्हा कधीच येणार नाही."

फुई म्हणजे नानांची मोठी बहीण. बाकीचे लोक आत्या म्हणतात, आमच्या अहिराणीत फुई. तिचं सासर नरडाण्याकडे आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींनी माहेरी येण्याचा सण. लेकी येतात, निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसतात, आमरसाबरोबर मांडे खातात आणि त्या दिवशी कामाला हात लावत नाहीत. फुई लग्न झाल्यापासून दर आखाजीला येत आली आहे. आधी तिची आई मांडे करायची, नंतर माझी आई. मागच्या वर्षी मात्र जाताना ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, "आते पुरं व्हयनं, लता. मना गुडघा चालत नही, आनी तुले बी तरास." तेव्हापासून आईच्या मनात ते वाक्य अडकलं होतं. त्यात फुईच्या मुलाचा, अभिमनचा, फोन येऊन गेला होता. "मामी, यंदा ऊन भलतंच शे. तुम्हीच सांगा मायले, नको येऊ म्हनीसन." आईने त्याला सांगितलं होतं की बेटा, मांड्यांचे गहू दळूनसुद्धा आणले. तेव्हा गहू कोठीत होते आणि आईचा हात प्लास्टरमध्ये.

"पारोळ्याला बचत गटाच्या बायका मांडे करून देतात," नाना म्हणाले. "चांगले असतात. मी सांगून ठेवतो."

"विकतचे मांडे खायला अक्का इतक्या लांब येणार? नरडाण्याला मिळत नाहीत का?" आई म्हणाली. ती फुईला अक्का म्हणते.

नानांनी वर्तमानपत्र उघडलं.

"मग मी करते," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आधी नाना हसले. "आंडेर सायन्स शिकनी, आते मांडा शिकी." सायन्स शिकलेली लेक आता मांडा शिकणार, असं ते पेपरला सांगत होते.

नानांचं हसणं अगदीच गैर नव्हतं. मांडा म्हणजे पुरण भरलेली पोळी खरी, पण ती पोळपाटावर मोठी होत नाही. लाटीला जरा आकार आला की ती उचलून दोन्ही हातांवर घ्यायची आणि झेलत, फिरवत, कोपरापर्यंत वाढवायची. मग एका हिसक्यात उपड्या मातीच्या खापरावर पसरायची. खापर चुलीवर तापलेलं असतं, त्यामुळे दुसरी संधी नसते. आखाजी दरवर्षी माझ्या परीक्षांच्या आसपास यायची. आई म्हणायची, तू अभ्यास कर. मी मांडे खाल्ले, ते कसे होतात हे कधी विचारलं नाही.

पहिल्या दुपारी आईने मला चुलीपाशी तिच्या समोर बसवलं. पीठ मी मळलं. आई म्हणेल तेवढं पाणी घालून, आपटून आपटून, खांदे भरून येईपर्यंत. लाटी हातावर घेतली, आई दाखवत होती तसं फिरवायला लागले. एक बाजू जाडच राहिली, दुसरी पातळ होत गेली आणि तिथून फाटली. पुरण माझ्या कोपरावरून ओघळलं.

"असू दे," आई म्हणाली. "माझा पहिला तर राखेत पडला होता."

"कधी?"

"लग्नानंतरची दुसरी आखाजी. पहिल्या वर्षी मी भुसावळला माहेरी गेले होते. दुसऱ्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, झुंबर येणार, तू थांब."

आई रेल्वे कॉलनीत वाढलेली. तिथे घरात गॅस होता. शेजारी तमिळ, पंजाबी, बंगाली, आणि मुलांची आपापसात हिंदी. तिला अहिराणी येत नव्हती आणि खापर तिने आधी कधी पाहिलंही नव्हतं. सगळ्या लेकी माहेरी येतात त्या दिवशी मांडे कोण करतं, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. कोणाची तरी माहेरी न गेलेली लेक करते.

"चुलीपुढे दहा बायका," आई सांगत होती, "आणि माझा मांडा खापराच्या कडेवरून घसरला तो सरळ राखेत. दुसराही तसाच. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाटलं. तेवढ्यात अक्का झोक्यावरून उतरली. मला म्हणाली, तू पानी ली ये. मी पाणी घेऊन आले तर ती माझ्या जागेवर बसलेली. ढीग लावला तिने. पंगत बसल्यावर कोणीतरी म्हणालं, मांडे मस्त शेत. तर अक्का म्हणाली, हाई बठ्ठं लतानी करेल शे."

"आणि ते सगळे तू केलेले नाहीत, हे आजीला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. पण अक्कानी म्हटल्यावर खोटं कोण म्हणणार? त्या वर्षी ती आठवडाभर जास्त राहिली, मला शिकवायला. सासरहून निरोपावर निरोप. ही म्हणे, पाय मुरगळला." आई हसली. "सणाच्या दिवशी ती एकदा झोक्यावरून उतरली माझ्यासाठी. त्यानंतर मी तिला उतरू दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी पद्धतशीरपणे सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी पाणी वाढवलं, मग पीठ जास्त वेळ झाकून ठेवलं, मग पीठ पातळ कापडातून पुन्हा चाळलं. पुरण न भरता नुसत्या लाट्या घेतल्या. प्रत्येक वेळी तीच बाजू जाड आणि तीच बाजू फाटकी.

"पोळी करतेस की प्रयोग?" आईने विचारलं.

"कारण सापडल्याशिवाय उपाय कसा करणार?"

"कर बाई. म्हैस खूश आहे."

फाटलेल्या सगळ्या लाट्या म्हशीच्या घमेल्यात जात होत्या. नानांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले की दुधाला यंदा पुरणाचा वास येणार.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. पीठ कसंही असलं तरी फाटण्याची जागा बदलत नव्हती. म्हणजे दोष पिठात नव्हता, माझ्या हातांत होता.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. लहानपणी मी सगळं आईच्या समोर बसून शिकले. तिचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला दिसायचा, म्हणून मी डावा हलवायचे. तिसरीत असताना मी दारात रांगोळीचं स्वस्तिक काढलं, तर शेजारच्या वच्छलाबाई थांबून म्हणाल्या, "लता, तुझ्या पोरीनं उलटं काढलंय गं." मग लक्षात आलं की मी गाठही उलटी मारते, दोरीचा पीळही उलटा घालते. घरात त्याची थट्टा व्हायची. पुढे कॉलेजात उजव्या आणि डाव्या रेणूंचा धडा आला. आपल्या दोन हातांसारखे ते एकमेकांची प्रतिबिंबं असतात, पण एकावर एक ठेवले तर जुळत नाहीत. एका रेणूला पुदिन्याचा वास येतो आणि त्याच्याच प्रतिबिंबाला शहाजिऱ्याचा. सगळा वर्ग वैतागला होता, मला तो धडा पहिल्या वाचनात कळला. तेव्हापासून मी एक नियम केला. समोर बसून काही शिकायचं असेल तर डोळ्यांना दिसतं त्यावर जायचं नाही. समोरच्याचा डावा तो आपलाही डावा.

आई दाखवत होती तेव्हा तिचा डावा हात ओढत होता आणि प्लास्टरमधला उजवा नुसता आधाराला होता. म्हणून मीही डाव्याने ओढत होते. माझा डावा हात कमजोर आहे. ताण सगळीकडे सारखा कसा पडणार?

"आई, मांडा ओढणारा हात कोणता?"

"उजवा."

"मग तू डाव्याने का दाखवतेस? प्लास्टर आहे म्हणून?"

"प्लास्टरचा काय संबंध? तुला मी नेहमी डाव्यानेच दाखवते."

मला कळलं नाही. मी तशीच पिठाचे हात घेऊन बसले.

"त्या रांगोळीपासून," आई म्हणाली. "तू समोर बसलीस की तुझं उलटं व्हायचं. मग मी म्हटलं, आपणच हात बदलू. मी डाव्याने केलं की तुझं आपोआप उजव्याने होईल. नाडीची गाठ, सुईचा टाका, करंजीची मुरड, सगळं तुला डाव्याने दाखवलंय. आधी मलाच जमेना. तू शाळेत गेलीस की मी बसून डाव्या हाताने मुरड घालून बघायची. तुझे नाना विचारायचे, उजव्या हाताला काय झालं?"

"खरं आहे," पडवीतून नाना म्हणाले. "मला वाटलं, काही नवस वगैरे."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यात सांगायचं काय? तुझं सरळ यायला लागलं, झालं."

माझी करंजीची मुरड सगळ्यांसारखी सरळ पडते, हे मला माहीत होतं. ती का पडते हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. सुपात डाळ निवडणारा तिचा डावा हात इतका सराईत का, हेही नाही.

"आई," मी म्हणाले, "मी कॉलेजपासून उलटं करून बघते."

"म्हणजे?"

"तुझा डावा तो माझा डावा. उलटं होऊ नये म्हणून."

आईने क्षणभर विचार केला. मग तिचे खांदे हलायला लागले. "म्हणजे मी तुझ्यासाठी उलटं करायचं आणि तू माझ्यासाठी उलटं करायचं?"

"हो."

"आणि चंगळ म्हशीची." ती इतकी हसली की प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागला. नानांनी उठून दारात येऊन काय झालं म्हणून विचारलं, तर तिला सांगताच येईना.

हसू ओसरल्यावर ती उठली आणि माझ्या मागे पाट घेऊन बसली. "अक्कानी मला असंच बसवलं होतं. समोर बसूच नये, हेच खरं." तिने डावा हात माझ्या डाव्या हाताखाली घातला आणि प्लास्टरने माझं उजवं कोपर वर ढकललं. "हा नुसता झेलतो. हा ओढतो. बघू नको, फिरव." प्लास्टर दंडाला टोचत होतं. लाटी हातांवरून फिरली, कोपरांपर्यंत आली आणि फाटली नाही. खापरावर ती तिरकी पडली आणि एका कडेला दुमडली, पण अख्खी होती.

फुई आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी आली. धुळ्याला बस बदलून फाट्यापर्यंत आणि तिथून नानांच्या मोटारसायकलवर. एका हातात पितरांच्या घागरीवर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, दुसऱ्या हातात कुरडयांची पिशवी. आईने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. प्लास्टर त्याच्या आत. तिने वाकून फुईच्या पायांना हात लावला.

"डावा हातनी पाया पडतस का?" फुई म्हणाली आणि तिने आईचा पदर बाजूला केला.

नाना डांगर घेऊन आत गेले.

"हात कव्हय मोडना?"

"झाले थोडे दिवस."

"माले काबर सांगं नही? मी काय पाव्हनी शे का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आल्या असत्या का अक्का?"

"नसती उनी," फुई म्हणाली. "तुना हात मोडेल, आनी मी मांडा खावाले येऊ?" ती झोक्याकडे न जाता पायरीवरच बसली. "मांडा-बिंडा काही करू नका. भाकर खासू, आनी आखाजी व्हयनी का चालनी जासू. आते पुरं, लता. मी मागला साले सांगेलच शे."

आईने तिला पाणी दिलं आणि आत आली. चुलीपुढे उभी राहून माझ्याकडे न बघता म्हणाली, "डाळ भिजत घाल."

आखाजीच्या सकाळी नानांनी घागर भरली, तिच्यावर डांगर ठेवलं. फुईने उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट टेकत आईवडिलांची नावं घेतली. त्यानंतर नानांनी तिला हाताला धरून झोक्यावर नेलं. "अक्का, बठ ना आठे." ती बसली, पण झोका घेतला नाही. पाय जमिनीला टेकवून चुलीकडे बघत राहिली. सणाची चूल अंगणात मांडली होती, कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ चांगला धरला होता.

माझा पहिला मांडा फाटला.

मी काही चुकीचं केलं नव्हतं. फुई बघत होती, एवढंच. पुरण खापरावर पडलं आणि जळल्याचा वास सुटला. मी उलथन्याने ते खरवडत होते तेवढ्यात झोक्याची दोरी करकरली. फुई उतरली होती आणि गुडघा धरत येत होती.

"सरक, पोर. मना हात काही मोडेल नही."

आई माझ्या मागच्या पाटावरून उठली आणि दोघींच्या मधे उभी राहिली. "अक्का, झोक्यावर बसा."

"पोरले जमत नही, लता. दखाई राह्यनं माले."

"जमेल. नाही जमलं तर फाटके खाऊ."

"तुले तरास देवाले उनी का मी?"

"तुमच्या हातचे मांडे तुमच्या सासरी खा," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तिने हा सूर फुईशी कधी लावलेला मी ऐकला नव्हता. "या घरात तुम्ही लेक आहात. इथे तुम्ही बसायचं."

फुई तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे, मग मागच्या पाटाकडे. आई कुठे बसली होती आणि का, हे तिला न सांगता कळलं असावं. ती वळली. परत जायला तिला येण्यापेक्षा जास्त वेळ लागला. बसली आणि म्हणाली, "जाय कमी कर. खापर लाल व्हयनं." तिच्या बोलीत जाळाचा जाय होतो. मी दोन पऱ्हाट्या बाहेर ओढल्या.

आई पुन्हा मागे बसली. डाव्या हाताखाली तिचा हात, उजव्या कोपराला प्लास्टर. दुसरा मांडा हातांवर फिरायला लागला. आतलं पुरण कणकेतून दिसायला लागलं तेव्हा आईने माझ्या कानाशी म्हटलं, "आता सोड." खापरावर तो पूर्ण पसरला. गोल नव्हता. नाना म्हणाले की साधारण धुळे जिल्ह्यासारखा दिसतो, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मी तो उलटवला, घडी घातली, ताटात ठेवला आणि बाजूला आमरसाची वाटी. आईने ताट उचलू दिलं नाही. स्वतः घेऊन गेली, एका हातावर तोलत.

फुईने पहिला घास घेतला. चावत राहिली. तिचे दात कमी झालेत, तिला वेळ लागतो. आई समोर उभीच. मी खापराकडे पाठ करून बसले होते, ते तापत होतं, आणि मला त्याची पर्वा नव्हती.

"पुरन बराबर शे," फुई म्हणाली.

आई थांबली होती.

"कड जाडी शे." फुईने आणखी एक घास रसात बुडवला. "पीठ कोन मयनं?"

"मीच मळलं," मी म्हणाले.

"पुढला साले आखो सैल मयजो."

आईने एकदम नानांकडे पाहिलं. नानांनी ऐकलं होतं. "म्हंजे पुढला साले येशी तू," ते म्हणाले.

"मी कव्हय नही म्हनं?" फुई म्हणाली आणि पायाने जमिनीला हलकासा रेटा दिला. झोका हलला तेव्हा तिने ताट मांडीवर घट्ट धरलं.

आई चुलीपाशी आली. पाटावर बसताना तिने पदराने तोंड पुसलं, धूर नसताना. मग प्लास्टरने माझं कोपर ढकललं.

"घे, दुसरी लाटी घे," ती म्हणाली. "तिला दोन लागतात."